दरवाजाबाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळी गल्ली दरवाजाबाई म्हणते. नवखा माणूस हे ऐकून त्यांना पहारेकरी समजतो, आणि त्यांचा आवाज ऐकला की त्याची खात्रीच पटते. पण त्या पहारेकरी नाहीत. आमच्या शहराच्या जुन्या वेशीचा दगडी दरवाजा अजून उभा आहे. त्या दरवाजाच्या पोटात एक लहानसं संग्रहालय आहे. तळाला एक दालन, गोल जिना चढून गेलं की वर दोन. तिथे त्या मुलांना राणीची गोष्ट सांगतात.

ही राणी खरीखुरी होऊन गेलेली. नवरा लढाईत पडला, शत्रूनं शहराला वेढा दिला, तेव्हा तिनं वेशीचा दरवाजा लावून घेतला आणि वेढा उठेपर्यंत शहर राखलं. कागदोपत्री तिच्याबद्दल ठाऊक आहे ते एवढंच. मागे उरलंय ते नाक तुटलेलं दगडी मस्तक आणि खांदे, एक गंजकं चिलखत आणि दरवाजाचा लाकडी अडसर. पाटीवर तिची अख्खी हकिगत मावते आणि खाली जागा उरते.

जाऊबाई मुळात तिकीट खिडकीवर लागल्या होत्या. माहिती सांगायला एक वयस्कर गृहस्थ असत. एक दिवस त्यांची दाढ ठणकत होती, ते आले नाहीत, आणि बाहेर शाळेची मुलं येऊन चिवचिवाट करायला लागली. मास्तर रडकुंडीला आले. जाऊबाईंनी खिडकी बंद केली, पदर खोचला आणि आत शिरल्या. भावंडांच्या खंडीत वाढलेली बाई. माहेरी आवाज चढवल्याशिवाय पानात दुसरी वाढ पडायची नाही. त्यांनी अर्ध्या मुलांना शत्रू केलं, अर्ध्यांना शहर केलं आणि वेढा सुरू! दाढ बरी करून ते गृहस्थ परत आले तेव्हा मुलं म्हणाली, "हे नकोत, त्या बाई हव्यात." गृहस्थांनाही बरंच वाटलं. ते सुखानं तिकिटं फाडू लागले.

मी लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी जाऊबाई संग्रहालयाच्या जिन्यावरून घसरल्या. पाय मोडला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टरांनी घरी बसा म्हणून बजावलं. त्यांनी ऐकल्यासारखं केलं आणि दुसऱ्या आठवड्यात भाऊजींच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या, सायकलच्या कॅरिअरवर बसून कामावर हजर. भाऊजींचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे निदान वाहनाला तोटा नव्हता. जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून सगळी गोष्ट त्या खालच्याच दालनात सांगू लागल्या. फरशी पुसायच्या काठीचा आधार घेऊन लंगडत फिरायच्या. मुलं गलका करायला लागली की तीच काठी फरशीवर आपटायच्या. पाय बरा झाला तरी काठी आपटायची सवय काही सुटली नाही.

पुढे बरीच वर्षं गेली. आमची मुलं मोठी झाली, सासूबाई म्हाताऱ्या झाल्या, त्यांचे कान मात्र तल्लख राहिले. दूरच्या एका शहरातल्या लेखिकेनं राजेराण्यांची, जादूची, उडत्या राक्षसांची जाडजूड कादंबरी लिहिली. एकेक करत पाच भाग झाले. माझी मुलगी जेवताना वाचायची, आंघोळीला जायच्या वाटेवर वाचायची. मग त्या कादंबरीवर मालिका आली आणि आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो.

पहिल्याच रात्री त्यात एक राणी आली. दगडी वेशीवर उभी, एक पाय ओढत चालणारी, हातात सापाच्या तोंडाची काठी. सरदार आपसांत भांडत होते. राणीनं खाडकन काठी आपटली आणि म्हणाली, "बाळांनो, तोंडं मिटा, म्हणजे कान उघडतील."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. जाऊबाई हातातला बटाटा सोलायचा थांबल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ही बाई माझ्यासारखं का बोलतेय?"

"तुझ्यासारखं नाही," भाऊजी म्हणाले, "ही तूच आहेस. फक्त दागिने जास्त आहेत."

तेवढ्यात एक तरुण सरदार दरवाजा उघडून शत्रूवर धावून जायला निघाला. राणीनं त्याला अडवलं आणि म्हणाली, "दार लावायला हात पुरतात, उघडायला डोकं लागतं."

कोपऱ्यातल्या खुर्चीत सासूबाई पेंगत होत्या. त्या ताडकन सरळ बसल्या.

"हे मी म्हटलेलं आहे!"

"आई, तुम्ही स्वप्नात होता," भाऊजी म्हणाले.

"स्वप्नात तू असशील! ही तुझी बायको लग्नानंतर रुसून खोलीत कडी लावून बसली होती, तेव्हा मी दाराबाहेरून म्हटलं होतं. विचार तिला. माझं बोलणं या टीव्हीतल्या भवानीनं कुठून उचललं?"

जाऊबाईंचा चेहरा लाल झाला. वाक्य सासूबाईंचं होतं हे खरं. पण ते संग्रहालयात राणीच्या तोंडी घातलं होतं जाऊबाईंनी. मुलांना गोष्ट सांगताना पाटीवरचा मजकूर दोन मिनिटांत संपतो. पुढे तिखटमीठ घरचंच लावावं लागतं.

"आता गं काय करायचं?" त्यांनी मला विचारलं.

"ताई, आता आवाज वाढवायचा," मी म्हटलं आणि रिमोट घेतला.

मालिकेनं सगळीकडे धुमाकूळ घातला. कादंबरीतली कुठली व्यक्ती इतिहासातल्या कोणावरून घेतली, हे शोधायचं वेड लोकांना लागलं. कुणीतरी आमच्या दरवाजाचा शोध लावला: वेशीवरची राणी, वेढा, विधवा, सगळं जुळतं! बघता बघता संग्रहालयासमोर रांग लागली. काळे झगे घातलेली पोरं, सापाच्या काठ्या घेतलेल्या पोरी, एकदा तर एक अख्खं कुटुंब, कुत्र्यालाही झगा. सासूबाईंचं वाक्य छापलेले टीशर्ट फिरू लागले. सासूबाईंनी एक मागवून घेतला आणि स्वेटरवरून घातला.

अडचण एकच होती, लंगडण्याची. कादंबरीतली राणी लंगडी. मग खरी राणी लंगडी होती का? कागदांत त्याचा उल्लेख कुठेच नाही. एका चष्मेवाल्या अभ्यासकानं दगडी मूर्तीचे फोटो काढून लांबलचक व्हिडिओ केला की मूर्तीचा डावा खांदा खाली आहे, म्हणजे डावा पाय अधू असणार. लाखो लोकांनी तो पाहिला. आमच्या संग्रहालयाचे साहेब, तरुण, सडसडीत, एकेका पाटीतल्या स्वल्पविरामासाठी तीन दिवस घालवणारे गृहस्थ, ते लेव्हलची नळी घेऊन आले. मूर्तीखालच्या फळीवर नळी ठेवली. बुडबुडा एका टोकाला पळाला. फळीच कललेली होती! साहेबांनी पुठ्ठ्याची घडी खाली सारली आणि राणीचे खांदे सरळ झाले.

"मग लंगडणं आलं कुठून?" साहेब स्वतःशीच पुटपुटले.

जाऊबाईंना राहवेना. म्हणाल्या, "साहेब, रागावणार नसाल तर सांगते. ते बहुतेक माझ्याकडून आलंय." आणि जिना, प्लास्टर, फरशीची काठी, सासूबाई, सगळं सांगून टाकलं.

साहेब बराच वेळ गंभीर चेहऱ्यानं उभे होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते! त्यांना हसताना कुणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे तिकीटवाल्याला वाटलं साहेबांना काहीतरी होतंय, आणि तो पाण्याचा पेला घेऊन धावत आला.

"पण हे नुसतं आपल्याला वाटून काय उपयोग?" पाणी पिऊन साहेब म्हणाले. "त्या लेखिकाबाई इथे कधी आल्या होत्या का, हे कळायला हवं."

ते लवकरच कळलं. शहराच्या वाचनालयानं लेखिकेला बोलावलं होतं, आणि सकाळी तिला संग्रहालय पाहायचं होतं. आम्ही घरचे सगळे गेलो. सासूबाईंना चाकांच्या खुर्चीतून नेलं. टीशर्ट अर्थातच अंगावर होता. लेखिका चाळिशीच्या आतली, बुटकी, केस विस्कटलेले, आणि इतकी हळू बोलणारी की लोक पुढे वाकून ऐकत होते. साहेबांनी तिला मूर्ती दाखवली, चिलखत दाखवलं. तिनं सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "इथे पूर्वी एक बाई होत्या. पायाला प्लास्टर होतं. त्यांचं काय झालं?"

"प्लास्टर निघालं," मागून जाऊबाई म्हणाल्या.

लेखिका वळली. तो आवाज तिनं बरोबर ओळखला. दोन्ही हात तोंडावर ठेवून ती तशीच उभी राहिली, आणि मग पुढे येऊन तिनं जाऊबाईंचे हात धरले.

"आमची शाळा इथे सहलीला आली होती. मी सगळ्यांच्या मागे उभी होते. मी तेव्हा कुणाशीच बोलत नसे. तुम्ही सगळ्यांना सैनिक केलंत, आणि मला म्हणालात, तू दरवाजा हो. हात पसरून उभी राहा, मी सांगितल्याशिवाय हलू नकोस. वर्गातली सगळ्यांत दांडगी मुलं माझ्यावर धावून आली. मी हलले नाही. घरी गेले आणि आईला दोन तास गोष्ट सांगितली. आई रडायला लागली. मी एवढं बोलू शकते हे तिला ठाऊकच नव्हतं."

वाचनालयाच्या बाईंनी रुमाल काढला.

"तुम्हाला मी आठवते का?" लेखिकेनं विचारलं.

जाऊबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. खोटं बोलायचा क्षण होता, आणि बोलल्या असत्या तर कुणी दोष दिला नसता.

"नाही गं बाई," त्या म्हणाल्या. "रोज एक शाळा यायची. किती दरवाजे लक्षात ठेवू?"

लेखिका एवढ्या मोठ्यानं हसली की दगडी दालन घुमलं. तिच्यासारख्या हळू बोलणाऱ्या बाईचं एवढं मोठं हसणं! मग सासूबाईंनी खुर्चीतून हात वर केला आणि वाक्याचा विषय काढला. लेखिकेनं त्यांच्या पायांशी बसून सगळी हकिगत ऐकून घेतली, रुसव्यासकट.

त्यानंतर वर्तमानपत्रात आलं, फोटो आले, लोक जाऊबाईंनाच 'खरी राणी' म्हणू लागले. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता मला म्हणाल्या, "अगं, खरी ती होती. तिनं शहर राखलं, मी तिकिटं फाडली. उद्या लोक तिला विसरले तर पाप कुणाच्या माथी?" दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे अट घातली: आधी पाटीवर आहे तेवढं सांगायचं, मग थांबायचं, आणि मग म्हणायचं, आता इथून पुढे गोष्ट. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी राणीच्या शेजारी दुसरी पाटी लावली: 'जे सांगतात ते.' तिच्यावर काठी, लंगडणं, वाक्य, सगळं लिहिलं. वाक्याखाली 'एका सासूबाईंचे उद्गार' असंही लिहिलं. सासूबाई दर रविवारी ती पाटी वाचायला जातात.

गंमत म्हणजे जाऊबाईंनी ती कादंबरी वाचलेलीच नव्हती. जाड पुस्तक पाहिलं की त्यांना झोप येते. मग भाऊजींनी वाचून दाखवायला सुरुवात केली. दुकान बंद झालं की हात धुऊन स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचे आणि मोठ्यानं वाचायचे. मधे मधे जाऊबाई सूचना द्यायच्या: "इथे मी काठी आपटली असती." पहिला भाग झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्यात काय आहे ते माझ्या मुलीला ठाऊक होतं. तिनं मला सांगितलं, मी नवऱ्याला सांगितलं, आणि आम्ही तिघंही तोंडाला कुलूप लावून बसलो.

त्या संध्याकाळी वाचता वाचता भाऊजींचा आवाज अडखळला. त्यांनी पान उलटलं, परत मागे गेले, घसा साफ केला.

"काय झालं?" जाऊबाई म्हणाल्या.

"राणी गेली," भाऊजी म्हणाले.

"कुठे गेली?"

"अगं, वारली. तापानं."

जाऊबाईंनी गॅस बंद केला. फोन घेतला आणि लेखिकेनं जाताना दिलेल्या नंबरवर थेट तिलाच लावला. पलीकडून 'हॅलो' येण्याआधीच गडगडाट सुरू झाला. "तापानं? वेढा राखणारी बाई तापानं मारतेस? निदान लढाईत तरी मारायची! आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस! एवढी जवळची म्हणवतेस ना?"

आम्ही सगळे फोनभोवती गोळा झालो. बाहेरच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "माझ्याकडूनही सांग, चूक झालीय म्हणावं."

पलीकडे लेखिका हसत होती. "रागावू नका," ती म्हणाली, "आणि पुढचं सांगणार नाही. पण पाचवा भाग घरात आहे ना?"

जाऊबाईंनी फोन ठेवला. भाऊजींनी न सांगताच पाचवा भाग काढला होता. जाऊबाई पदरानं डोळे पुसून समोर येऊन बसल्या.

"वाचा," त्या म्हणाल्या. "आणि जरा आवाज काढून वाचा, आईंना बाहेर ऐकू गेलं पाहिजे."