बेबीताई नाव सांगत नाही

माझ्या हातून आजवर जी पापं झाली, त्यातलं एक छापील फॉर्मवर आहे आणि त्याखाली माझी सही आहे. प्रश्न असा होता: ‘शाळेत मुलांकडून काम करून घेतलं जातं का?’ मी ‘होय’वर खूण केली आणि शेरा लिहिला, ‘पोषण आहार शिजवणारी महिला शाळा सुटल्यावर मुलींना थांबवून त्यांच्याकडून भांडी घासून घेते.’ लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, हेही कबूल करते. चार दिवस उन्हात वणवण करून तोवर काहीच हाती लागलं नव्हतं.

ती महिला म्हणजे बेबीताई. अकोटच्या पुढं, कपाशीच्या पट्ट्यातल्या एका गावात चौदा वर्षं शाळेची खिचडी तिच्या हातची. माहेर मूर्तिजापूरकडचं. नवरा नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात कामाला गेला आणि तिथंच दुसरा संसार थाटून बसला. बाया हळहळायला आल्या तेव्हा ती म्हणाली होती, “गेला तर गेला. मी काय त्याच्या भरोशावर होती?” तिनं चुलीजवळून हाक मारली की पार शेवटच्या वर्गातली पोरं वह्या मिटायची. मुख्याध्यापक गजेंद्र सर तिला टरकून असायचे. तांदळात खडे निघाले की ती ते पोतं उचलून थेट त्यांच्या टेबलावर आपटायची.

मी अमरावतीची. परदेशातली एक संस्था मुलांवरची हिंसा थांबवण्यासाठी पाच वर्षं या भागात कार्यक्रम चालवत होती. त्याचा कितपत उपयोग झाला हे तपासायला पुण्याची एक कंपनी नेमली होती आणि त्या कंपनीनं फॉर्म भरायला मला. आमचे प्रमुख ललित सर. माणूस वाईट नव्हता, पण जे रकान्यात बसत नाही ते त्याला दिसतच नसे. माझ्या शेऱ्यावर तो बेहद्द खूश झाला. ज्या शाळेत कार्यक्रम चालला त्याच शाळेत बालमजुरी! परवा गावच्या बाल संरक्षण समितीपुढं बाईकडून हमीपत्र लिहून घ्यायचं आणि तिनं सही केली नाही तर शाळेनं तिला काढून टाकायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा एकदा खात्री करायला गेले. पाच वाजून गेले होते, शाळा रिकामी झाली होती. नळाजवळ चौथीतली रागिणी खिचडीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घासत बसली होती. मी पायरीवर टेकले. पोरीनं गंज घासला, धुतला, पालथा घातला. लख्ख झाला होता. बेबीताई आली, तिनं गंज सुलटा केला, त्यात मूठभर राख टाकली आणि म्हणाली, “घास अजून.”

असं तीनदा झालं. मग मात्र माझं डोकं फिरलं.

“अहो बेबीताई, स्वच्छ आहे तो! कशाला छळताय पोरीला?”

“मले दिसून राहिलं स्वच्छ हाय म्हनून,” ती म्हणाली. “दुपारी मीच घासला.”

मला काही उमगेना. तिनं मला हाताला धरून चुलीच्या आडोशाला नेलं. “तिची माय जमुना अकोटले कापसाच्या जिनिंगमधी कामाले जाते. साडेसहाच्या यष्टीनं येते. तवरी घरी बाप एकटाच असते, अन् त्याच्या कमरेले पट्टा असते. आता समजलं, का अजून फॉर्म काढता?”

“मग सरळ सांगायचं ना, की मुलगी इथं बसेल म्हणून.”

“सांगून पाह्यलं. पयले एका पोरीले अशीच बसवली होती. तिचा बाप शाळेत आला, अन् माह्यासमोर वेनी धरून ओढत घेऊन गेला. माही पोरगी काहून बसवली म्हने.” ती हसली, पण ते हसणं मला सोसवेना. “मंग मले अक्कल आली. पोरगी भांडे घासून राहिली म्हटलं, की कोनाच्याच बापाचं काई म्हननं नसते. घासाले कितीबी टाइम ठेवा. कोनी इचारत नाई.”

पाच वर्षांच्या त्या कार्यक्रमाचे सगळे कागद मी वाचले होते. त्यात हे कुठंच नव्हतं. मला माझ्या त्या शेऱ्याची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला. म्हटलं, उद्या बैठकीत हेच सांगा, तुमचं काम वाचेल.

“ह्या रागिणीचा बाप समितीवर हाय,” बेबीताई म्हणाली. “नाव निंगालं तर त्या पोरीचं काई खरं नाई. तुमीबी तोंड उघडू नोका. घ्या शप्पथ.”

मी घेतली.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात भरली. समोर सरपंच इंदूबाई आणि गजेंद्र सर. सतरंजीवर पहिल्या रांगेत समितीचे पुरुष, त्यात रागिणीचा बाप देवानंद, इस्त्रीचा शर्ट घालून. मागं आया दाटीवाटीनं बसलेल्या. त्या दिवशी जिनिंग बंद होतं, म्हणून जमुनाही आली होती, रागिणीला शेजारी घेऊन. ललित सरांनी तक्रार वाचली आणि विचारलं, “तुम्ही मुलींना थांबवून घेता, हे खरं?”

“खरं.”

“कशासाठी?”

“गंज घासाले.”

“त्या मुलींची नावं सांगा.”

“नाव सांगत नाई.”

“सर, नावं नका ना विचारू,” मी हळूच म्हटलं. त्यांनी हातानंच मला गप्प केलं. “ताई, तुम्ही काहीच सांगितलं नाही तर तुमच्या बाजूनं मी लिहू काय?”

“नोका लिहू. तुमच्याच लोकायनं त्या भिताडावर कागद चिकटवला, लेकराचं नाव कोनाले सांगाचं नाई म्हनून. मी वाचला तो. तुमी नाई वाचला काय?”

देवानंद उठला. “लहान पोरीयकडून काम करून घेते हे बाई! हिले काढून टाका.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बेबीताई त्याच्याकडं पाहत राहिली. एका शब्दात तिला तो माणूस सर्वांसमोर उघडा पाडता आला असता. तिनं तो शब्द गिळला. हमीपत्र हातात घेतलं, बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि परत केलं.

“सही नाई करत. उद्याबी पोरी थांबवीन, परवाबी थांबवीन. काढाचं असन तर काढा. गेटाच्या भायेर चूल मांडीन, पन थांबवीन.”

तेव्हा मागून जमुना उभी राहिली. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

“माही पोरगी हाय ते,” ती म्हणाली. “माह्या घरी तिले पट्ट्यानं मारतात. मले मालूम होतं अन् मी चूप होती. जिनं माही पोरगी वाचवली, तिलेच तुमी काढता?” आणि तिनं बोट दाखवलं, सरळ पहिल्या रांगेकडं.

सगळ्या माना देवानंदकडं वळल्या. ललित सर मात्र भराभर लिहायला लागले. “ही फार महत्त्वाची केस आहे,” ते म्हणाले.

“थांबा साहेब,” बेबीताई म्हणाली. “पयले हे सांगा, आज ह्या मायलेकी झोपतीन कुठं? तुमच्या कागदावर त्याचा रकाना हाय काय?”

ललित सरांचा पेन थांबला.

“नाई ना? मंग घाला तो पेन खिशात.”

मी तिथंच उभी राहून मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गावाचं नाव सांगितलं. फॉर्म भरणारीनं असलं काही करायचं नसतं, म्हणून त्या कंपनीनं मला पुन्हा कधी बोलावलं नाही. न बोलावो.

देवानंद व्हरांड्याच्या पायरीवर आडवा उभा राहिला. “जमुना, घरी चाल.”

बेबीताईनं रागिणीला एका हाताला धरलं, जमुनाला दुसऱ्या, आणि त्याच्या पुढ्यात जाऊन थांबली. “सरक.”

तो हलला नाही. तेवढ्यात मागं सतरंजीवरून एकेक बाई उठायला लागली. सरपंच इंदूबाईही उठल्या. देवानंदनं एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि भिंतीला चिकटून वाट दिली.

“ह्या आता माह्या घरी राह्यतीन,” बेबीताईनं जाता जाता त्याला ऐकवलं. मग मुख्याध्यापकांकडं वळली. “सर, उद्या तांदूळ मीच काढनार हाय. बोला, काई म्हननं हाय तुमचं?”

बैठकभर मूग गिळून बसलेले गजेंद्र सर उठले. ललित सर पाहत असतानाच त्यांनी खिशातून कोठीची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.