सोयाबीनच्या गाठी आणि मायचा प्रश्न

आमच्या शिवारात सोयाबीन तेव्हा नवंनवं आलं होतं. हिंगोली जिल्हा अजून वेगळा झाला नव्हता, आम्ही परभणीतच मोडत होतो. सिद्धेश्वर धरणाचा कालवा गावाला वळसा घालून जायचा, आणि त्या कालव्याच्या वरच्या अंगाला आमचं रान होतं.

बियाण्यासोबत दुकानदारानं बाबांना काळ्या भुकटीची पुडी दिली होती. "गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळा," एवढंच त्यानं सांगितलं. का चोळायची, ते बाबांनी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पीक मात्र गुडघ्याला लागलं, चांगलं काळंभोर दिसायला लागलं. पोळ्याच्या आधी एकदा बाबांनी सहज एक झाड उपटलं आणि तिथंच बांधावर बसले. सगळ्या मुळ्यांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी लागल्या होत्या.

"त्या काळ्या भुकटीनंच घात केला," बाबा म्हणाले.

शेजारचे काका येऊन बघून गेले. "रोगच हाय हा. मोडून टाक, रब्बीला हरभरा घे." दोन दिवस बाबा धड जेवले नाहीत.

मी आठवीत होते. आमचे विज्ञानाचे सर त्याच वर्षी बदलून आले होते. तरुण होते, एकटेच राहायचे, आणि वर्गात कुणी प्रश्न विचारला की त्यांना फार आनंद व्हायचा. मी ते झाड मुळासकट ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी नखानं एक गाठ फोडली. आतून ती गुलाबी निघाली. सर हसायलाच लागले.

"बाबांना घेऊन ये. आत्ताच्या आत्ता. आणि म्हणावं, एकही झाड उपटू नका."

बाबा आले तेव्हा सरांनी कपाटातून सूक्ष्मदर्शक काढून खिडकीत ठेवला होता. त्याचं लाकडी खोकं आम्ही रोज बघायचो, पण ते उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सरांनी गाठीतला रस काचेच्या पट्टीवर पसरला, त्याला निळा रंग दिला, खालचा आरसा उन्हाकडे फिरवला. बाबांनी टोपी काढून हातात घेतली आणि एक डोळा मिटून वाकले.

"निळे निळे ठिपके दिसून राहिले."

"ते जिवाणू. तुमच्या पुडीत तेच होते. ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात, झाड त्यांना खायला घालतं. हा रोग नाही. उलट तुमच्या पिकाला युरिया कमी लागेल."

"म्हंजे भुकटी जित्ती व्हती?" बाबांनी विचारलं, आणि पुन्हा वाकून बघितलं. मग पुन्हा. परत येताना त्यांनी रस्त्यात भेटेल त्याला ते सांगितलं. रात्री मायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मलाबी दावा की."

सरांना कळलं तसं त्यांनी रविवारी शाळा उघडी ठेवली. ज्याला यायचं त्यानं यावं, येताना घरातलं काहीही आणावं. माय वाटीत दही घेऊन निघाली. गावाबाहेरच्या तांड्यावरच्या दोन बाया डबक्याचं पाणी घेऊन आल्या, कुणी कालव्यातलं शेवाळ आणलं, कुणी बुरशी आलेली भाकर. खिडकीपाशी रांग लागली.

दह्यात बारक्या काड्या दिसल्या, तेही जिवाणूच. "रोज रातच्याला मी ह्यायलाच विरजते व्हय!" माय म्हणाली आणि सगळ्या बाया हसल्या. भाकरीवरच्या बुरशीचं तर रानच होतं, उभे दांडे आणि प्रत्येकाच्या टोकाला काळा मणी. शेवाळाच्या नळीत हिरवी फीत गुंडाळलेली होती. आणि डबक्याच्या पाण्यात चपलेच्या तळव्यासारखा एक जीव इकडून तिकडं पळत होता. सरांनी त्याला आदिजीव म्हटलं. ज्या दोघींनी ते पाणी आणलं होतं, त्यांतली एक रोज तेच प्यायची; तिनं बाहेर जाऊन पदरानं ओठ पुसले.

"अजून एक जात आहे," सर म्हणाले. "विषाणू. भेंडीची पानं पिवळी पडतात, पोलिओ होतो, ते त्याच्यामुळं. पण तो इतका बारीक, की आपल्या या यंत्रात दिसत नाही. देवीचा रोगही विषाणूचाच."

माझ्या मायच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मला ते कधी वेगळे वाटलेच नव्हते. मायचा चेहरा म्हणजे तसाच. पण त्या दिवशी सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं, आणि सरांच्याही ध्यानात आलं. ते गोरेमोरे झाले.

माय पुढं आली. "सर, तो दिसतच न्हाई का?"

"नाही. फार मोठं यंत्र लागतं त्याला."

"मला बघायचा व्हता," माय म्हणाली. "आमाला सांगितलं, देवी आली, तिचा कोप झाला. मी लई दिस इचार केला, मी लेकरू, माझ्यावर काहून कोपली?"

सरांनी शर्टाची बाही वर करून दंडावरचा लस टोचल्याचा वण दाखवला. "कुणाचा कोप नव्हता, ताई. तो विषाणू तुमच्यापर्यंत पोचला आणि लस पोचली नाही, एवढंच. पुढं घरोघर लस टोचली. आता तो रोग जगात कुठंच राहिला नाही."

"कुठंच न्हाई?"

"कुठंच नाही."

मायनं माझ्याकडं बघितलं. माझ्या गालावरून तिनं हात फिरवला, सगळ्यांच्या देखत. मला लाज वाटली, पण मी हलले नाही.

त्या साली सोयाबीन चांगलं झालं. काकांनी पुढच्या वर्षी न सांगता तीच पुडी आणली. सर दोन वर्षांनी बदलून गेले. मी पुढं हिंगोलीला शिकायला गेले, तिथं कॉलेजात ओळीनं सूक्ष्मदर्शक मांडलेले असायचे, पण त्या खिडकीतल्या गर्दीची मजा त्यांत कधी आली नाही.

मला जास्त आठवतो तो त्या रविवारचा परतीचा रस्ता. कालव्याच्या कडेकडेनं आम्ही दोघीच चाललो होतो. माय म्हणाली, "तुला एक मावशी व्हती. माझ्याहून मोठी. आमाला दोघींला संगंच आल्या देवी. ती न्हाई वाचली."

मला मावशी होती हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. घरात तिचा विषय कुणी काढत नसे. मावशीनंच काही पाप केलं असेल, म्हणून देवी कोपली, असं आजोळच्या आजीला वाटायचं म्हणे.

"कशी होती?" मी विचारलं.

"लई हसायची," माय म्हणाली. मग तिनं वाटी पदरात गुंडाळली आणि घर येईस्तोवर मावशीचंच सांगत राहिली. ती चिंचेच्या झाडावर कशी चढायची, मायची वेणी घालताना कशी ओढायची, अंधाराला भिऊन मायच्या कुशीत कशी शिरायची.

घर आलं तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं; आम्ही दारातच उभ्या होतो.