मिटल्या डोळ्यांची प्रार्थना

मनकर्णाबाई प्रार्थनेला लागल्या की सदर बाजारामागच्या ख्रिस्ती वस्तीतल्या बायका आधी चुलीवरचं पातेलं उतरवून यायच्या. प्रार्थना केव्हा आटपेल याचा नेम नसायचा. एकदा त्यांच्या आमेनपर्यंत इंदूबाईंचा भात पार करपला होता. ही गोष्ट इंदूबाईच हसत हसत सगळ्यांना सांगायच्या. दोघींची दारं समोरासमोर होती, आणि एकीकडे काही चांगलंचुंगलं शिजलं तर दुसरीकडे वाटी गेल्याशिवाय राहत नसे.

मनकर्णाबाईंचं सगळं आयुष्य मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात गेलं. आईबापांविना त्या तिथंच वाढल्या. लग्न होऊन बाहेर पडल्या, पण नवरा लवकर गेला आणि पदरातल्या गोविंदाला घेऊन त्या मेट्रन म्हणून तिथंच परतल्या. बोर्डिंगभर पोरी सांभाळणं काही खायचं काम नव्हे, पण त्यांनी छडी कधी हातात धरली नाही. त्यांची युक्ती निराळी होती. संध्याकाळी पोरी रांगेत उभ्या राहिल्या की मेट्रनबाई डोळे मिटून म्हणायच्या, ‘‘प्रभू, आज जिनं लोणच्याच्या बरणीत हात घातला तिला तू पाहिलंस. तिला उजेडात आण आणि क्षमा कर.’’ नाव घ्यायच्या नाहीत. आमेन व्हायच्या आतच रांगेतून हुंदका यायचा. मग त्या पोरीला पोटाशी धरायच्या, तिचं नाक पुसायच्या, आणि प्रकरण तिथंच संपायचं. पाप उजेडात आलं की धुऊन निघतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं अनुभवलं होतं आणि त्यात काही खोटं नव्हतं. चूक एवढीच झाली, की नोकरी सुटल्यावरही सगळी वस्ती त्यांना बोर्डिंगच वाटत राहिली.

वस्तीत दर गुरुवारी संध्याकाळी कोणा एकीच्या घरी बायकांची प्रार्थनासभा भरायची. सतरंजीवर बसून दोन गीतं म्हणायची, शास्त्रपाठ वाचायचा, मग ज्याच्या त्याच्या गरजांसाठी प्रार्थना, शेवटी चहा आणि चिवडा. १९७३च्या हिवाळ्यात इंदूबाईंच्या प्रेमलताचं लग्न काटोलच्या एका मास्तराशी ठरलं होतं. रिवाजाप्रमाणे लग्नाची सूचना लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये वाचतात, म्हणजे कोणाची हरकत असेल तर त्यानं वेळीच बोलावं. दोन रविवार वाचून झाली होती.

त्याच आठवड्यात मनकर्णाबाई भांड्यांना कल्हई लावून घ्यायला इतवारीच्या बाजारात गेल्या. तिथं एका दुकानाच्या आडोशाला त्यांना प्रेमलता दिसली. सोबत एक अनोळखी तरुण होता आणि दोघंही रडत होते. मनकर्णाबाई हाक न मारताच परतल्या. घरी येऊन त्यांना घास गिळवेना. समोरचं दार ठोठावून इंदूबाईंना विचारलं असतं तर दोन वाक्यांत उलगडा झाला असता. पण त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. गुरुवारच्या सभेत डोळे घट्ट मिटले आणि प्रभूला सांगितलं, की आमच्यातलं एक लेकरू अंधारात चाललं आहे, लग्नाची सूचना वाचली जात असताना परक्या पुरुषाला भेटतं आहे, त्याला उजेडात आण.

नाव घेतलं नाही याचं त्यांना समाधान होतं. आता, जिच्या लग्नाची सूचना वाचली जात होती अशी मुलगी वस्तीत एकच होती. आणि मास्तराची मावशी रंभाबाई भिंतीला टेकून तिथंच बसली होती. तिसऱ्या रविवारी सूचना वाचली गेली नाही.

खरं काय ते असं. प्रेमलता नर्स होती. तो तरुण तिच्याच दवाखान्यात लॅबमध्ये काम करायचा, बौद्ध घरातला होता. दोघांचा एकमेकांवर जीव होता, पण दोन्हीकडची माणसं तयार होणार नाहीत हे ओळखून दोघांनी आपणहून ते संपवलं. प्रेमलतानं आईला सगळं सांगितलं होतं. मायलेकींनी एकत्र गुडघे टेकले होते आणि तो विषय कायमचा मिटवला होता. इतवारीतली भेट शेवटच्या निरोपाची होती.

इंदूबाई भांडल्या नाहीत. त्यांनी गुरुवारची सभा सोडली आणि मनकर्णाबाईंशी बोलणं सोडलं. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळे भाकरी वाटून घेतात त्या दिवशी, भाकरीचं तबक बाकावरून सरकत त्यांच्यापर्यंत आलं, तेव्हा तुकडा न घेता त्यांनी ते पुढे दिलं. मनात कोणाविषयी अढी असेल तर प्रभुभोजन घेऊ नये हा नियम त्या पाळत होत्या. पण बघणाऱ्यांना काय दिसणार? इंदूबाईच पापी ठरल्या. मनकर्णाबाईंना मैत्रिणीचं मनापासून वाईट वाटलं, म्हणून पुढच्या गुरुवारी त्यांनी ‘एका बहिणीचं अंतःकरण मऊ कर’ अशीही प्रार्थना केली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. फक्त इथल्या चोराला आपण चोर असल्याचा पत्ता नव्हता.

असं वर्षाच्या वर चाललं. दरम्यान इतवारीत धान्याच्या आडतीवर कामाला असलेल्या गोविंदाचं दारूचं व्यसन वाढलं होतं. मनकर्णाबाईंना ते कळत होतं. हे मात्र त्या सभेत कधी बोलल्या नाहीत. दार लावून, मनातल्या मनात देवाला सांगायच्या.

मग ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात एका गुरुवारी रंभाबाईंनी प्रार्थना केली. म्हणाल्या, प्रभू, आमची एक विधवा बहीण दुसऱ्यांच्या लेकरांसाठी रडते, पण तिचा स्वतःचा मुलगा व्यसनात बुडाला आहे, त्याला उजेडात आण. मनकर्णाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थनेच्या मध्येच डोळे उघडले. सतरंजीवरच्या सगळ्या बायकांचे डोळे उघडे होते आणि सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

चहाला न थांबता त्या उठल्या आणि थेट इंदूबाईंच्या घरी गेल्या. दारासमोर राहणाऱ्या इंदूबाईंशिवाय हे दुसऱ्या कोणाला माहीत असणं शक्यच नाही असं त्यांना वाटत होतं. इंदूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

‘‘गोविंदाचं तूच सांगतलं ना रंभाबाईले?’’

इंदूबाईंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘‘रंभाबाईचा पुतण्या त्याच आडतीवर आहे वं. मी कोणाले काहून सांगन? तुहा पोरगा पिऊन आला की या ओट्यावरच पडते. त्याचं तोंड धुतलं, लिंबूपाणी पाजलं, पाय टेकायले लागले की तुह्या घरी धाडला. तुले तसा दिसू नये म्हणून.’’

‘‘केव्हापासून?’’

‘‘पोरीचं लग्न मोडलं त्याच्या आधीपासून.’’

म्हणजे तबक पुढे ढकलणारी बाई वर्षभर त्यांच्याच मुलाची लाज झाकत होती. मेट्रनबाईंसमोर इतक्या पोरी रडल्या होत्या, पण मेट्रनबाई कोणासमोर रडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्या दिवशी त्या ओक्साबोक्शी रडल्या, माफी मागू लागल्या. इंदूबाईंनी त्यांना पाणी दिलं, आणि सरळ सांगितलं, ‘‘सगळ्यायसमोर केलं अन् माह्याजवळ कायले रडून राहिली? तिथंच जाऊन सांग. अन् हे पाहा, प्रार्थना नको करू.’’

प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी तयारीची सभा असते. ज्यांचं एकमेकांशी वाकडं असेल त्यांनी तिथं मिटवून घ्यावं म्हणून. चर्चचे पाळक बाबाराव यांनी नेहमीप्रमाणे कोणाला काही बोलायचं आहे का विचारलं आणि मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. सवयीनं सगळ्यांनी माना खाली घालून डोळे मिटले.

‘‘डोळे उघडा. मी प्रार्थना नाही करून राहिली,’’ त्या म्हणाल्या.

जी बाई भात करपेपर्यंत प्रार्थना करायची तिला चार वाक्यं जुळवता येईनात. शेवटी म्हणाल्या, ‘‘देवाले सांगून राहिली असं म्हणत मी तुमाले सांगतलं. नाव नाही घेतलं, पण तुमाले नाव कळंल असंच बोलली. या पोरीचं ठरलेलं लग्न मी मोडलं. पाप माहं आहे, इंदूचं नाही.’’

प्रेमलता ड्यूटीवरून तशीच आली होती, पांढऱ्या साडीत दाराजवळ उभी होती. लग्न मोडलं ते मोडलंच होतं. मास्तराचं दुसरीकडे होऊनही गेलं होतं. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती जागची न हलता म्हणाली, ‘‘मावशी, तुमी पाहिलं ते खोटं नव्हतं. पण ते मी देवाले आधीच सांगतलं होतं. त्यानं मले माफ केलं, अन् कोणालेच सांगतलं नाही.’’ मग म्हणाली, ‘‘मीही तुमाले माफ केलं.’’

रंभाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बाबाराव काही बोलणार होते, पण ते नुसतंच गीत म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई मागच्या बाकाकडे निघाल्या होत्या. इंदूबाईंनी त्यांना हाताला धरून आपल्याजवळ बसवलं. तबक आलं. इंदूबाईंनी कितीतरी दिवसांनी भाकरीचा तुकडा घेतला आणि तबक त्यांच्यापुढे धरलं. मनकर्णाबाईंचा हात काही केल्या पुढे होईना. त्यांनी मान हलवून तबक पुढे द्यायची खूण केली, तरी इंदूबाईंनी ते सोडलं नाही. मागची माणसं खोळंबली, बाबाराव वाट बघत राहिले. मनकर्णाबाईंनी तुकडा उचलून तोंडात घालेपर्यंत इंदूबाई तबक तसंच धरून बसल्या.