सेत्तिमिओचा सरळ ताव

सेत्तिमिओ,

हे पत्र तुझ्याच कागदावर लिहितेय. कागद गिरणीच्या दुकानातून विकत आणलाय आणि पेन दर ओळीला ठेचकाळतंय. एका कडेला पुठ्ठ्याएवढा जाड, दुसरीकडे कांद्याची साल. तरुणपणी असला कागद तू दुकानापर्यंत जाऊच दिला नसतास.

मी शाळेची मुलं घेऊन दर वर्षी तुझ्याकडे यायचे. तू जाळीचा साचा चिंध्यांच्या लगद्याच्या कुंडात बुडवून उचलायचास, एक आडवा आणि एक उभा हिसका द्यायचास, की लगदा सगळीकडे सारखा बसायचा. वाळलेला प्रत्येक ताव उजेडासमोर धरायचास. जरा कुठे दाट दिसला की फाडून परत कुंडात. "जा, पोहून ये," म्हणायचास त्याला. मुलं खूश. एकेक ताव चार-चारदा पोहून यायचा.

सत्तरीत तुझे हात थरथरायला लागले आणि ताव जाड-पातळ निघू लागले. गिरणीनं तुझ्या निरोपाच्या जेवणाची तारीखसुद्धा ठरवली. तेवढ्यात मालकाचा जावई उबाल्दो यानं तू बाद केलेले ताव उचलून दुप्पट किमतीला मांडले. आठवड्यात सगळे खपले आणि निरोपाचं जेवण रद्द झालं.

"आता कसे हातानं केलेले दिसतात," उबाल्दो म्हणाला.

"मग चाळीस वर्षं मी काय पायानं करत होतो?"

सगळे हसले, तू सोडून. त्याच दुपारी माझ्या दारात उभा राहिलास. माझ्या वारलेल्या नवऱ्याचे, एझिओचे, सुती शर्ट अजून आहेत का विचारलंस. शंभरदा धुतलेल्या कापडाचा लगदा गुणी असतो. त्यातून एक ताव सरळ, सगळीकडे सारखा काढायचा आणि उबाल्दोच्या टेबलावर ठेवून कायमचं घरी जायचं, एवढंच तुला हवं होतं.

"लवकर आणा, मास्तरीणबाई. उजवा हात रोज थोडा थोडा निकामी होत चाललाय."

मी हो म्हटलं. अकरा शर्टांची बटणं कापली, कारण बटण लगद्यात चालत नाही. पिशवी दाराशी ठेवली. तुला सांगत राहिले की गुडघा दुखतोय. गुडघा ठणठणीत होता. तुझा हात हुकला तर एझिओ दुकानात दुप्पट किमतीला लागेल, याची मला धास्ती होती.

गेल्या महिन्यात तुझी मुलगी तुला तिच्याकडे अँकोनाला घेऊन गेली. चमचाही धरवत नाही म्हणे आता.

पिशवी दाराशीच आहे. बटणांवाचून ते शर्ट कुणाला घालायलाही देता येत नाहीत.