पोळ्याला पाया पडायला आलेला लेफ्ट बॅक

हे सांगणं मी इतकी वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की मला नेमकं काहीतरी काम आठवायचं. परवा पांढुर्ण्यात चहाच्या टपरीवर एकजण पुन्हा म्हणाला, "तुमच्या पुतण्यानं हौसेपायी पाय घालवला, काका." आणि मी पुन्हा मान हलवली. आता वैताग आला आहे. त्या माणसाचा, टपरीचा आणि सगळ्यात जास्त माझ्या या मानेचा.

पुतण्या सौंसरचा, माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. कोलकात्याच्या एका फुटबॉल क्लबात पगारी खेळाडू होता, लेफ्ट बॅक. समोरच्यानं कितीही हुलकावण्या दिल्या तरी चेंडूवरची नजर काढायचा नाही. टीव्हीवर त्याचं नाव फारसं घेत नसत. तो म्हणायचा, बचाव करणाऱ्याचं नाव निघालं नाही म्हणजे काम नीट झालं.

त्या वर्षी पोळ्याला तो आमच्या पाया पडायला आला आणि मुक्कामाला राहिला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये रोवलेलं पळसाचं झाड आणि त्यावरच्या झेंड्यासाठी दोन्हीकडून दगडफेक. दरवर्षी डोकी फुटतात, दरवर्षी आम्ही जातो. घरटी एक तरी तरणा माणूस काठावर दिसावा लागतो. माझी मुलं तेव्हा बाहेरगावी होती.

"मी नाही येत, मोठे बाबा. पुढच्या हप्त्यात सराव सुरू होऊन राहिला."

"दगडाले भिऊन राहिला काय बे? देव्हाऱ्यात ठेव मग ते पाय."

अंगणात शेजारी बसले होते. ते हसले. तो उठला आणि चप्पल घातली.

त्याला एका चेंडूवर नजर ठेवायची सवय. इथे दगड चोहीकडून येत होते. समोरचा त्यानं चुकवला, बाजूचा घोट्यावर बसला.

दवाखान्यात मी भावाला सांगितलं, "म्या लई अडवलं, आयकतच नाही तुहा पोरगा." पोरगा तिथेच पलंगावर होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. घोटा नीट जुळला नाही, क्लबानं करार वाढवला नाही. भाऊ शेवटपर्यंत त्याला हट्टी म्हणत राहिला आणि तसाच गेला. तेव्हाच का बोलला नाहीस म्हणून मी मनात पुतण्यावरच चिडतो. म्हणजे बघा.

आता तो सौंसरला मुलांना खेळ शिकवतो. यंदाही पोळ्याला आला. घोटा वाकत नाही, म्हणून पाया पडताना डावा पाय बाजूला पसरून ठेवतो.

"राहू दे न," मी खेकसलो.

"वर्षातून एकदा तं येतो, मोठे बाबा."

घरात दुसरं कुणी नव्हतं. मीच तुला नेलं, तुझ्या बापाला खोटं सांगितलं, माफ कर. एवढंच बोलायचं होतं. सकाळपासून घोकत होतो.

"आयक न," मी म्हणालो.

"बोला."

"पुरणाची पोळी खाऊन जाय."