खिडकीपाशी जाऊन बोल

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, सगळी गल्ली 'रेंजवाले' म्हणते. फोन कंपनीच्या ग्राहक काउंटरवर त्यांचा जन्म गेला. माणूस मोठा गोड, पण समजावायला बसला की गुऱ्हाळ. "स्पीड म्हणजे नळाची धार, डेटा म्हणजे टाकीतलं पाणी. धार वाढवली म्हणून पाणी वाढत नाही, टाकी लवकर रिकामी होते, एवढंच!" मग व्हॅलिडिटी, मग रोमिंग. ऐकणाऱ्याच्या ताटातलं जेवण गार व्हायचं. ताई म्हणायची, "यांना ताप आला तर थर्मामीटरमध्येही रेंजच्या काड्या मोजतील."

ताई गेली आणि लेकीला माहेर म्हणून भाऊजींचा फोन तेवढा उरला. ती लांबच्या शहरात दिलेली. सासरी धड चाललेलं नव्हतं, पण बापाला सांगायची तिची जीभ रेटेना. एका दुपारी तिने धीर करून फोन लावला. त्या फोनवरचं बोलणं भाऊजींनी मला पुढे कितीदा तरी जसंच्या तसं सांगितलंय.

"बाबा..." म्हणाली आणि पुढे काहीच नाही. मग तुटक तुटक, "मी... बाबा, मला जरा..."

"आवाज तुटतोय गं तुझा," भाऊजी म्हणाले. "आतल्या खोलीत आहेस ना? भिंतींनी सिग्नल अडतो. खिडकीपाशी जाऊन बोल."

ती बिचारी गेली. तिथेही तेच. मग यांनी साग्रसंगीत सांगितलं, की आपलं बोलणं बारीक तुकडे होऊन जातं, वाटेत काही तुकडे गळाले की आवाज तुटतो, त्यात फोनचा दोष नसतो, वायफायवरून कॉल करून बघ. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी "बरं बाबा" म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढे ती नवऱ्यापासून वेगळी झाली, तिथेच खोली घेऊन राहिली. हे आधी मला कळलं. "मी त्या दिवशी विचारणार होते, घरी येऊ का म्हणून," ती म्हणाली. "पण बाबा इतकं मन लावून समजावत होते गं मावशी, मध्येच रडतेय म्हणून कसं सांगू?"

मी तडक जाऊन भाऊजींना फैलावर घेतलं.

"त्या फोनवर तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली होती," ते म्हणाले. "अख्खी ऐकू आली मला. नेटवर्क तुटलं असतं, तर शिट्टीही तुटली असती."

तक्रार घेऊन येणाऱ्याला ते पहिलं हेच विचारायचे, नुसतं बोलणं तुटतं की मागचे आवाजही? पोरीच्या वेळी सुचलं नाही. मला त्यांचा राग येतो, आणि कीवही येते. त्यांनी तिला "घरी ये" म्हणून कितीदा विनवलं. "आता बस्तान बसलंय बाबा," एवढंच ती म्हणते.

परवा मी तिथे असताना तिचा फोन आला. यांनी स्पीकर लावला. बोलता बोलता तिचा आवाज अडखळला, थांबला. भाऊजी ताठ बसले.

"काय झालं बाळा? रडतेस का?"

"नाही हो बाबा, इथे रेंजच नाहीये. थांबा, खिडकीपाशी जाते."

भाऊजी फोन हातात धरून बसून राहिले. तिच्या खोलीतल्या टीव्हीवर उद्याच्या हवामानाचा अंदाज चालला होता. आम्हाला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.