वीरभद्रप्पाची शिप्पी

निंबर्ग्याच्या वीरभद्रप्पाचा जीव बायकोपेक्षा पाठीवरच्या पंपात जास्त. सोयाबीन जरा वर आलं की हा पठ्ठ्या पंप अडकवून नवरदेवाच्या तोऱ्यात रानात शिरायचा. तण मारायचं औषध दरसाल तेच. पहिल्या साली शिप्पी गवत असं जळालं, की पारावर बसून त्यानं कोळपं धरणाऱ्या समद्यांची टर उडवली. पण चार झाडं औषध पचवून राहिली होती. त्यांनी बी टाकलं, त्या बियांनाही दरसाल तोच खुराक मिळत गेला, आणि यंदा डबल मात्रा मारूनही शिप्पी न्हाऊन-माखून तुरे काढून उभी! पिवळं पडलं ते सोयाबीनच.

"फवारल्यावर पाऊस झाला वाटतं," तो म्हणाला.

"व्हय, तुमच्या पंपातूनच झाला," त्याची बायको शरणम्मा म्हणाली.

हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं. तुरे पिकत आले होते. बी झडलं की पुढची कैक वर्षं रान शिप्पीच्याच नावावर. त्यात नागपंचमी येऊन ठेपली. जमिनीला कोळपं लावायचं न्हाई, विळा चालवायचा न्हाई, आणि सणाला मजूर तरी कोण येतो?

पंचमीला माहेरी आलेली थोरली बहीण निलम्मा बांधावर पोट धरून हसायला लागली. "वीरभद्रा, सोयाबीन कुठं पेरलास रे?"

"अक्का, कामून मीठ चोळायलीस?"

"मग हातानं उपटू की!"

शरणम्मा दचकली. "वन्सं, मुळासंगं माती निघंल. नागोबा कोपला तर?"

"नागोबालाबी या रानात वाट गावंना झालीय. आशीर्वादच देईल बघ."

पंचमीला इकडं पैजा लागतातच. कुणी लिंबू फेकतं, कुणी डोळे बांधून चालतं. निलम्मानं पैज लावली. ज्याचं पोतं शेवटी भरंल त्यानं पुढल्या साली औषध बदलायचं, कोळपं धरायचं, आणि आत्ता लिंबाखाली बायकांच्या झोक्यावर बसायचं. गावच्या माहेरवाशिणी बांगड्या मागं सारून रानात घुसल्या. वीरभद्रप्पा मात्र प्रत्येक ठोंब उलटासुलटा करून बघत होता, औषध कुठं तरी लागलंय का म्हणून. वर एक भारा बैलांपुढं टाकायला निघाला.

"अरे येड्या, शेणातून बी परत रानातच येणार! वाळवून जाळायचं ते," निलम्मा ओरडली.

त्याचं पोतं शेवटी भरलं, हे सांगायला नकोच. त्याला झोक्यावर बसवून बायकांनी असा हेलकावा दिला, की टोपी एकीकडं, जीव दुसरीकडं. आणि वर जाताच त्याला दिसलं. विहिरीपल्याड त्याच्याच तुरीच्या ओळींत शिप्पीच्या तुऱ्यांचा अख्खा पट्टा डुलत होता!

"थांबवा! शिप्पी राहिली!"

"भ्याला गं, भ्याला!" झोका आणखी उंच गेला.

"अगं, विहिरीपल्याड! खरंच!"

शरणम्मानं त्याच्या बोटाच्या रोखानं पाहिलं, रिकामं पोतं काखेत मारलं आणि पळता पळता ओरडली, "आणखी उंच द्या गं त्यांना! समदं दिसू द्या!"